सणाच्या दिवशी गाडी कुणी चालवायची?

भाची : मामा, आमच्या कॉलेजात वाद झाला. मी म्हटलं, लक्ष्मीपूजनाला एसटी, लोकल, मेट्रो सगळं बंद ठेवावं. सगळ्यांना सुट्टी, मग चालक-वाहकांनाच का नाही?

मामा : आणि तू दिवाळीला इथं आलीस कशानं?

भाची : एसटीनं. म्हणूनच तर हा प्रश्न पडला. गाडीतला वाहक शेजारच्या माणसाला सांगत होता, लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याला मुक्कामी ड्युटी लागलीय. तेव्हापासून मनाला टोचतंय. माझी दिवाळी व्हावी म्हणून त्यानं त्याची का सोडायची?

मामा : टोचलं ते बरं झालं. खिडकीवर हात आपटून ‘आमची गाडी कुठाय?’ विचारणारे पुष्कळ पाहिले मी. नियंत्रकाच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसालाही घर असतं, हे त्यांच्या गावीही नसतं. जादा गाडी लागली की रांग मोडून खिडकीतून रुमाल टाकतात, आणि म्हातारी बाई तशीच उभी...

भाची : मामा, वाहकाचं सांगा ना.

मामा : सांगतो. आधी सणाला गाडीत कोण बसतं ते बघ. दिवाळी म्हणजे एक दिवस नव्हे. वसुबारस, धनत्रयोदशीला शहरातली माणसं गावाकडं येतात. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी स्टँड ओस पडतो. पाडवा-भाऊबीजेला पुन्हा झुंबड उडते, पण ती लांबची नसते. या गावची लेक त्या गावच्या माहेरी, वीस-तीस किलोमीटर. आणि भाऊबीज झाली की सगळा लोंढा उलटा पुण्या-मुंबईकडं. ‘सणाला गाडी हवी की नको’ असं सरसकट विचारलंस तर उत्तर चुकणारच. कुठल्या दिवशी, कुठल्या तासाला, कुठल्या मार्गावर, असं विचार.

भाची : मग संध्याकाळी स्टँड ओस असतो तर तेवढी तरी गाडी बंद ठेवा!

मामा : कमी ठेवा म्हण. दिल्लीची मेट्रो बघ. दिवाळीला शेवटची गाडी रात्री दहालाच सुटते आणि धुळवडीला सेवा दुपारी अडीचनंतर सुरू होते. आधी जाहीर करतात, लोक त्याप्रमाणे बेत आखतात. याउलट मुंबईत अनंत चतुर्दशीला रात्रभर जादा लोकल सोडाव्या लागतात. सण तसं वेळापत्रक.

भाची : लंडनमध्ये मात्र नाताळच्या दिवशी भुयारी रेल्वे पूर्ण बंद असते. त्यांचं काही अडत नाही.

मामा : घरात मोटार आहे त्याचं नाही अडत. नसेल त्यानं काय करावं? इस्रायलमध्ये बहुतेक शहरांत शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत बस नसते. २०१९ साली तेल अवीवच्या नगरपालिकेनं त्या सुट्टीतही मोफत बस सुरू केल्या, त्या कशासाठी? गाड्या बंदचा भार मोटार नसलेल्यावर पडतो म्हणूनच ना?

भाची : ते पटलं. पण मामा, त्या वाहकाचं काय?

मामा : तुझी गाडी तिथंच अडकलीय. मग ऐक. दवाखान्यातली परिचारिका, वीज उपकेंद्रातला ऑपरेटर, पोलीस, यांना लक्ष्मीपूजनालाही कामावर जावं लागतं. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा तालुक्याला जातो. त्याचं रक्त सण बघून स्वच्छ होत नाही. एसटी बंद केलीस तर हा माणूस घरी बसेल का? तो वडापच्या खासगी जीपनं जाईल.

भाची : जाऊ दे की वडापनं.

मामा : वडापच्या चालकाच्या घरी लक्ष्मी नाही का? त्याला साप्ताहिक सुट्टी नाही, भत्ता नाही, हजेरीपट नाही. तू चालकाला सुट्टी देत नाहीयेस पोरी, हक्क असलेल्या माणसाचं काम काढून हक्क नसलेल्याच्या गळ्यात घालतेयस. आणि जीपमध्ये चौदा-पंधरा माणसं कोंबून घाट चढायचा, तो धोका वेगळाच.

भाची : हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मामा : खासगी बसचंही तेच. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा सरकारनं २०१८ साली नियम केला. दिवाळीच्या आदल्या रात्री शहराच्या नाक्यावर उभी राहा आणि बघ तो किती पाळला जातो. एसटी रस्त्यावर आहे म्हणून त्या भाड्याला थोडी तरी वेसण आहे. २०१७च्या दिवाळीत १७ ऑक्टोबरपासून एसटी कर्मचाऱ्यांचा संप झाला, न्यायालयानं तो बेकायदा ठरवेपर्यंत चार दिवस गाड्या उभ्या होत्या. २०२१च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला संप तर पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. दोन्ही वेळेला माणसं मिळेल त्या गाडीनं, मागतील ते पैसे देऊन गेली.

भाची : पण संप ऐन दिवाळीत करावा लागला, यातच सगळं आलं. एरवी त्यांचं कुणी ऐकत नाही.

मामा : बरोबर आहे. पगार वेळेवर नाही, एसटीच्या राज्य सरकारमधल्या विलीनीकरणाची मागणी पडून, आणि त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. ‘प्रवाशांच्या सेवेसाठी’ हे गाडीवर लिहिणं सोपं, सेवा करणाऱ्याच्या घरात काय शिजतं ते कोण बघतो?

भाची : मग तुम्ही माझ्याच बाजूचे झालात.

मामा : माणसाच्या बाजूचा आहे, बंदच्या बाजूचा नाही. १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर. आता ते विषय नव्या श्रमसंहितेत गेले, पण तत्त्व जुनंच आहे. सार्वजनिक सेवेचा ताण एका माणसाच्या अंगावर टाकायचा नाही.

भाची : दुप्पट पैसे दिले म्हणून लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ परत येते का? त्याची लहान मुलगी दारात पणती घेऊन बसलेली असेल.

मामा : नाही येत. पैशानं ती भरून निघते असं म्हणणारा खोटं बोलतो. म्हणून ती संध्याकाळ दरवर्षी त्याच माणसाकडून घ्यायची नाही. महिनाभर आधी यादी लावायची. यंदा लक्ष्मीपूजन ज्यानं केलं नाही त्याला भाऊबीज मोकळी, आणि पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन घरी. नव्याला आणि वशिला नसलेल्याला कायम सणाची ड्युटी, हा प्रकार बंद. यादी फळ्यावर सगळ्यांना दिसेल अशी, साहेबाच्या खिशात नको.

भाची : मुसलमान, ख्रिस्ती सहकारी दिवाळीला काम करतील आणि ईदला, नाताळला त्यांना सुट्टी, असं नाही का होणार?

मामा : आपापसात माणसं करतात तसं, आणि मनापासून करतात. पण तो नियम करू नये. संख्येचा मेळ बसत नाही, आणि ‘तुझा सण नाही, तू ये’ असं हक्कानं सांगायचा अधिकार कुणाला नाही. त्याचीही मुलं सुट्टीत घरी असतात. विचारावं, लादू नये.

भाची : हे सगळं पटतं. पण त्या वाहकाची मुक्कामी गाडी? ती तर रात्री गावातच राहते.

मामा : तू माझ्या जिव्हाळ्याच्या जागी आलीस! मुक्कामी गाडी म्हणजे गावाचा पहाटेचा दरवाजा. दूध, भाजी, शाळेची पोरं, आजारी माणूस, सगळे त्या पहिल्या गाडीनं बाहेर पडतात. आणि गर्दीच्या हंगामात पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते! गणपतीत कोकणासाठी राज्यभरातून जादा गाड्या मागवतात, दिवाळीत लांबच्या मार्गांवर गाड्या वळवतात. उत्पन्न तिथं आहे ना. मग इकडं वाडीची फेरी रद्द. एकेकाळी एसटीकडं १८ हजारांच्या घरात गाड्या होत्या, अलीकडं त्या १५ हजारांच्या आसपास आल्या. पांघरूण आखूड, डोकं झाकलं की पाय उघडे. आणि उघडे पाय नेहमी वाडीचेच!

भाची : म्हणजे मुक्कामी गाडी हवीच. आणि वाहकानं लक्ष्मीपूजन गावच्या देवळात झोपून काढायचं.

मामा : नाही. त्या एका रात्री मुक्काम नको.

भाची : तुम्ही म्हणताय हे?

मामा : हो. लक्ष्मीपूजनाला दुपारची फेरी नक्की करायची, गाडी दिवेलागणीच्या आत आगारात परत. दुसऱ्या दिवशी पहाटे दुसरी जोडी आगारातून निघेल. गावाला सहाची गाडी आठला मिळेल. ते ग्रामपंचायतीच्या फलकावर आठ दिवस आधी लिहायचं. गाव समजून घेतं, फक्त त्याला न सांगता गाडी रद्द करू नये.

भाची : आणि पाडव्याला पहाटे डायलिसिसला जायचं असलेला माणूस? त्याला आठची गाडी चालेल?

मामा : कदाचित नाही चालणार. अशा गावाची नोंद आगाराकडं हवी. तिथं त्या दिवशी गाडी पहाटे लवकर काढावीच लागेल आणि ती काढणारा चालक चार वाजता उठेल. तेवढा त्याग कुणाला तरी करावाच लागतो.

भाची : म्हणजे कुणाची तरी दिवाळी मोडणारच.

मामा : मोडेल, पण थोडी आणि वाटून. त्यासाठी आगारात पुरेशी माणसं लागतात. दहाच्या जागी सात चालक असतील तर कितीही चांगली यादी लावा, पाळी फिरत नाही, तीच सात नावं पुन्हा येतात. म्हणून तुझ्या कॉलेजातल्या वादात गाड्या बंद करा असं म्हणू नकोस. रिकाम्या जागा भरा म्हण, गाड्या वाढवा म्हण, सणाचं वेळापत्रक महिनाभर आधी लावा म्हण. आणि तुझ्या त्या वाहकाचं नाव पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या यादीत पुन्हा दिसलं, तर आगार व्यवस्थापकाला जाब विचारणारं पत्र प्रवाशांनी लिहावं. ते काम कामगारांच्या संघटनेवरच कशाला सोडायचं?