मुक्या रुग्णाचा दूरचा वैद्य

प्रस्तावना

माणूस आजारी पडला की आपले दुखणे स्वतः सांगतो. जनावराला ते सांगता येत नाही. म्हणूनच पशुवैद्याचे डोळे, कान आणि हात यांना फार महत्त्व आहे. आता भ्रमणध्वनीच्या साहाय्याने पशुवैद्य दूर राहूनही सल्ला देऊ शकतो. या सोयीला कायद्याची चौकट कशी असावी, याचा विचार आपण या पाठात करणार आहोत.

गोठ्यातील एक रात्र

तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळ तिरुप्पनंदाळ हे गाव आहे. हा कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीचा प्रदेश. मराठी माणसाला तो परका नाही. तंजावरला मराठी राजांनी दीर्घकाळ राज्य केले. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत असत.

समजा, याच गावातील एका पशुपालकाची दुभती गाय व्याल्यानंतर दुसऱ्या रात्री उठेनाशी झाली. ती मान पोटाकडे वळवून निपचित बसली आहे. दवाखाना बंद आहे. पशुपालक भ्रमणध्वनीवरून पशुवैद्याला तिचे चित्रण दाखवतो. पशुवैद्य विचारतो, "कानांना हात लावून पाहा. गरम आहेत की गार?" उत्तर येते, "गार आहेत."

ही लक्षणे दुग्धज्वराची असू शकतात. नावात 'ज्वर' असला तरी या विकारात ताप नसतो. उलट अंग थंड पडते. रक्तातील कॅल्शियम एकाएकी कमी झाल्याने हे घडते. पशुवैद्य दुरूनही महत्त्वाचे सांगू शकतो : गाईला कुशीवर आडवी पडू देऊ नका, छातीवर बसती ठेवा, तोंडावाटे काही पाजू नका, कारण गिळण्याची शक्ती मंदावली असल्यास ते फुप्फुसात जाईल. परंतु खरा उपचार म्हणजे शिरेतून दिलेले कॅल्शियम. ते फार वेगाने दिले तर हृदय बंद पडू शकते. ते देताना हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवणारा जाणता माणूस गाईजवळच हवा.

दूरोपचाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या एका प्रसंगात दिसते. वेळेवर मिळालेला सल्ला गाईला तग धरायला मदत करतो. मात्र केवळ सल्ल्याने गाय उठत नाही. आणि त्या गाईवर एका कुटुंबाचा चरितार्थ अवलंबून असतो.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात पशुवैद्यकीय व्यवसायाचे नियमन भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ या कायद्याने होते. त्याच्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्यालाच हा व्यवसाय करता येतो. मात्र प्रथमोपचार, लसीकरण, जखमेची मलमपट्टी यांसारख्या किरकोळ सेवा पशुधन पर्यवेक्षकांसारख्या प्रशिक्षित व्यक्तींनी नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली द्याव्यात, अशी परवानगी राज्य शासन देऊ शकते.

हा कायदा झाला तेव्हा भारतात भ्रमणध्वनी नव्हता. 'देखरेख' म्हणजे प्रत्यक्ष उपस्थिती की पडद्यावरून पाहणेही चालेल? न तपासलेल्या जनावराला औषध लिहून देता येईल काय? चूक झाल्यास जबाबदार कोण? या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे त्यात सापडत नाहीत. माणसांच्या डॉक्टरांसाठी मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. ती पशुवैद्यांसाठी नव्हती.

कायदा बदलणेही सोपे नाही. पशुवैद्यकीय व्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे. संसदेने हा कायदा राज्यांच्या ठरावांनंतर, संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली केला. त्यात दुरुस्ती करायची तर तोच मार्ग अनुसरावा लागतो.

कोणती काळजी घ्यावी?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२४ पासून पशुवैद्याला थेट चित्रसंवादातून रुग्णाशी नाते जोडता येते. केवळ ध्वनिसंवाद पुरत नाही. जंतुनाशक प्रतिजैविके प्रत्यक्ष तपासणीशिवाय चौदा दिवसांहून अधिक देता येत नाहीत. औषधांबाबतची ही सावधगिरी आपल्यालाही पटावी. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन गिधाडे मेली, म्हणून भारताने २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवापरावर बंदी घातली. जनावराला दिलेले औषध त्याच्यापुरते राहत नाही. दुधातून ते आपल्या घरातही येते.

अनेक राज्यांत १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरते पशुचिकित्सा पथक बोलावता येते. दूरचा सल्ला आणि दारी येणारे पथक यांची सांगड घालणे, हाच सुधारित कायद्याचा गाभा असावा. दुरून बोलणारा नोंदणीकृत असावा, त्याने दिलेल्या सल्ल्याची नोंद राहावी आणि स्पर्शावाचून जेथे निदान होत नाही तेथे जनावरापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था असावी. मुक्या रुग्णाला तक्रार करता येत नाही. म्हणून त्याच्या वतीने कायद्यानेच बोलले पाहिजे.

पाठान्त प्रश्न

१. दुग्धज्वर झालेल्या गाईला तोंडावाटे काही का पाजू नये?
२. कलम ३० मधील 'देखरेख' या शब्दाबाबत कोणती संदिग्धता निर्माण झाली आहे?
३. 'जनावराला दिलेले औषध त्याच्यापुरते राहत नाही.' हे विधान उदाहरणासह स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या पशुपालकाशी बोला. त्याला पशुवैद्यकीय सल्ला कसा मिळतो, ते दहा ओळींत लिहा.