जाहिरात कापण्याआधी

चि. ओंकार,

तुझा निरोप पोचला. गच्चीवरच्या फ्री डिशच्या छत्रीला यूएसबी ट्यूनर जोडून तू आजीसाठी सह्याद्रीवरची कीर्तनं आणि नाट्यसंगीत रेकॉर्ड करतोस, हे ऐकून बरं वाटलं. आता मधल्या जाहिराती काढायच्या आहेत आणि ‘मामा, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?’ असा तुझा प्रश्न आहे. एक नाव सांगून मोकळा झालो असतो. पण तू जी तीन नावं निवडून ठेवली आहेस ती तिन्ही लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांच्या कामाची आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाइमलाइनवर टाकायची, कट मारायचे आणि एक्सपोर्ट दाबायचं. एक्सपोर्ट दाबलं की अख्खा कार्यक्रम पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत उलगडतो आणि पुन्हा नव्याने एन्कोड होतो. म्हणजे काढायची बारा मिनिटं आणि धक्का उरलेल्या अठ्ठेचाळीस मिनिटांना. आम्ही टेपवरून टेपवर एडिट करायचो तेव्हा याला इलाज नव्हता. मास्टरची कॉपी, मग त्या कॉपीची कॉपी, आणि दर पिढीला चित्र थोडं उतरायचंच. आज ही झीज टाळता येते, तरी माणसं ती हौसेनं पदरात पाडून घेतात. त्यात एसडी वाहिनीचं चित्र इंटरलेस्ड असतं: सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डची. एक्सपोर्टचं एखादं सेटिंग चुकलं की बुवांच्या हलत्या हाताच्या कडांना कंगव्यासारखे दात फुटतात. यूट्यूबवरचे सल्लागार ‘आउटपुट क्वालिटी हाय ठेवा’ म्हणून सांगतात. हाय ठेवलं तरी ते पुन्हा एन्कोड करणंच असतं.

तेव्हा सॉफ्टवेअर काय काय करतं याची जंत्री वाचू नकोस. ते कशाला हात लावत नाही, एवढं विचार. जो भाग ठेवायचा तो जसाच्या तसा उचलून नव्या फाइलमध्ये ठेवतं का? नसेल ठेवत तर बाकी गुण कितीही असोत, तुझ्या कामाचं नाही.

आता यातली अडचण सांगतो. तुझा ट्यूनर जी टीएस फाइल बनवतो, तिच्यातली प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र नसते. आय-फ्रेम तेवढी पूर्ण; पी आणि बी फ्रेममध्ये आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं इतकीच नोंद असते. त्यामुळे काही न बिघडवता कापायचं तर ठेवायच्या तुकड्याची सुरुवात आय-फ्रेमवरच व्हावी लागते. एमपीईजी-२ प्रक्षेपणात ती साधारण अर्ध्या सेकंदाला येते, एच.२६४ मध्ये कितीतरी वेळा त्याहून उशिरा. फ्री डिशवर दोन्ही प्रकारच्या वाहिन्या आहेत, म्हणून आधी मीडियाइन्फो या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून तुझी कोणती ते बघ. सॉफ्टवेअरची निवड त्यानंतर.

एमपीईजी-२ असेल तर माझ्या मते अव्हीडीमक्स पुरे. फुकट आहे, विंडोजवर चालतं, लिनक्सवरही चालतं. व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही ‘कॉपी’वर ठेवायचं. वर-खालच्या बाणांनी एका की-फ्रेमवरून, म्हणजे आय-फ्रेमवरून, दुसरीवर जाता येतं. जाहिरातीची सुरुवात आणि शेवट खूण करून मधलं डिलीट करायचं. शेवटची खूण करताना कार्यक्रम पुन्हा सुरू होण्याच्या अलीकडची की-फ्रेम धर, पलीकडची नको. जाहिरातीचं अर्धं सेकंदाचं शेपूट राहिलं तर आजीची काही तक्रार नसेल, पण अभंगाच्या चरणाचा पहिला शब्द गेला तर ती लगेच सांगेल. हेच काम लॉसलेसकटमध्येही होतं. ते एफएफएमपेगवर उभं आहे आणि नवख्याला दिसायला सोपं आहे.

एच.२६४ असेल आणि की-फ्रेम दूर दूर असतील, तर मात्र स्मार्ट रेंडरिंगवाल्या सॉफ्टवेअरला पैसे मोजण्यात अर्थ आहे. ते कटाच्या आसपासच्या मोजक्या फ्रेम तेवढ्या नव्यानं एन्कोड करतं आणि बाकीचं जसंच्या तसं ठेवतं, त्यामुळे कट हव्या त्या फ्रेमवर बसतो. जपानच्या पेगासिस कंपनीचं टीएमपीजीएन्क एमपीईजी स्मार्ट रेंडरर हे त्यातलं जुनं, नावाजलेलं. आउटपुटचा फॉरमॅट मूळ फाइलचाच ठेवायचा, ही त्याची अट. तो बदललास की पुन्हा सगळंच रेंडर होणार.

आवाजाकडे फार कमी लोक लक्ष देतात, पण खरी कसोटी तिथे लागते. चित्राची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. एमपीईजी आवाजाची ४८ किलोहर्ट्‌झला २४ मिलिसेकंदांची. म्हणजे दोघांच्या कडा दर १२० मिलिसेकंदांनी एकदा जुळतात आणि तुझा कट नेमका तिथे पडेलच असं नाही. चांगलं सॉफ्टवेअर प्रत्येक कटाला हा फरक सांभाळून घेतं. वाईट सॉफ्टवेअर तो पुढच्या कटावर ढकलतं, आणि आठ-दहा कटांनंतर झांज वाजलेली दिसते एकदा, ऐकू येते दुसऱ्यांदा. म्हणून तपासायचं ते शेवटच्या कटानंतर. पहिला कट सगळीकडेच छान दिसतो.

पावसाळ्यातली रेकॉर्डिंगं वेगळी काढ. तुझ्या छत्रीवर येणारा केयू बँडचा सिग्नल जोराच्या पावसात तुटतो, फाइलमध्ये भोकं पडतात आणि अशा फाइलवर भलेभले अडखळतात. प्रोजेक्ट-एक्स नावाचं एक जुनं, फुकट सॉफ्टवेअर आहे. एमपीईजी-२ची अशी फाइल आधी त्यातून साफ करून घ्यायची आणि मग कापायची.

‘आपोआप जाहिराती ओळखणारं काही आहे का?’ असंही तू विचारलंस. आहे, कॉमस्किप. काळी फ्रेम, शांतता, कोपऱ्यातला लोगो, दृश्य बदलण्याचा वेग अशा खुणांवरून ते ब्रेक हुडकतं. पण आपल्याकडे अनेकदा काळी फ्रेम न येता कार्यक्रमातून थेट जाहिरात सुरू होते, त्यामुळे सेटिंगशी बरंच झटावं लागतं आणि तरी ते चुकतं. त्याचा निकाल डोळे मिटून मानायचा नाही. मात्र त्याची एक गोष्ट मला फार आवडते. ते फाइल न कापता शेजारी एक छोटी ईडीएल फाइल लिहून ठेवू शकतं: अमुक सेकंदापासून तमुक सेकंदापर्यंत ब्रेक. कोडी प्लेअर ती वाचतो आणि तेवढा भाग ओलांडून पुढे जातो. ईडीएल चुकली तर नोटपॅडमध्ये दुरुस्त करता येते. मूळ रेकॉर्डिंगच्या केसालाही धक्का नाही. आजी टीव्हीवर तुझ्या कॉम्प्युटरमधूनच बघत असेल तर तुला खरं म्हणजे काही कापायचीच गरज नाही. पेनड्राइव्हवर घालून कुणाला द्यायचं असेल तरच काप.

जागा वाचते म्हणून कापायचं, हेही फारसं पटणारं नाही. सेकंदाला ४ मेगाबिटची एक तासाची फाइल १.८ जीबीची होते. १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांप्रमाणे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, म्हणजे वाचले ३६० एमबी. आणि खालून सरकणारी पट्टी किंवा चित्र आक्रसून बाजूला लावलेली जाहिरात कुठल्याच कटानं जात नाही. तिच्या नादी लागू नकोस.

विकत घेण्याआधी लायसन्स कसं चालतं ते वाच. व्हिडिओरीडू हे या कामातलं एके काळचं सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर. आज ते विकत मिळत नाही. त्याही आधी अमेरिकेत रिप्लेटीव्ही नावाचा रेकॉर्डर होता, तो जाहिराती स्वतःच ओलांडायचा. २००१ मध्ये वाहिन्यांनी आणि स्टुडिओंनी कंपनीला कोर्टात खेचलं आणि २००३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. कंपन्या अशा जातात, म्हणून दर वेळी कंपनीच्या सर्व्हरला विचारून उघडणारं सॉफ्टवेअर मी तरी घेणार नाही. इंटरनेट बंद असतानाही चालेल असंच घे. आणि डीटीएचच्या रेकॉर्डर बॉक्समधली रेकॉर्डिंगं या भानगडीत आणू नकोस. ती कुलूपबंद असतात.

स्वतःच्या वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करायला आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ मोकळीक देतं. जाहिराती काढलेलं कीर्तन यूट्यूबवर चढवायला देत नाही. मित्र आग्रह करतील, तरी नको.

आजोबांच्या व्हीएचएस टेप डिजिटल करशील तेव्हा त्यातल्या जाहिराती मात्र राहू दे. टेपवर तारीख लिहिलेली नसली की रेकॉर्डिंग कुठल्या वर्षाचं हे पुष्कळदा जाहिरातींवरूनच लागतं.

आता एवढं कर. पैसे भरण्याआधी ट्रायल उतरवून घे, तुझीच एक तासाची, पावसात न सापडलेली फाइल घे, सगळे ब्रेक काप आणि शेवटची पाच मिनिटं टाळ-मृदंगाकडे बघत ऐक. तीच फाइल अव्हीडीमक्समध्येही कापून बघ. फुकटातलं चाललं तर वाचलेल्या पैशांतून दुसरी हार्ड डिस्क घे आणि न कापलेल्या मूळ फायली तिच्यावर उतरव. सध्या त्या एकाच डिस्कवर आहेत असं तू लिहिलं आहेस. सॉफ्टवेअरच्या आधी ते काम उरक.

तुझा,
मामा