कमांड प्रॉम्प्ट लाल करा, खरा डेटा वाचवा

व्हिडिओत कमांड फार भरभर गेल्या असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून इथे सावकाश लिहितोय.

नगरच्या आमच्या दुकानात एकाच कॉम्प्युटरवर दोन फोल्डर आहेत. एकात खरी बिलं, दुसऱ्यात त्यांची कॉपी, नवीन पोरांच्या सरावासाठी. मार्चएंडच्या गडबडीत दोन्हीच्या काळ्या खिडक्या शेजारी-शेजारी उघड्या होत्या. सरावाचं फोल्डर साफ करायला मी 'डेल स्टार डॉट स्टार' मारलं. त्याने खात्री विचारली, मी सवयीने वाय दाबलं. खिडकी चुकली होती! डेलने उडवलेली फाईल रिसायकल बिनमध्येही जात नाही. बॅकअप शनिवारचा होता, मग तीन दिवसांची बिलं कार्बन कॉपी बघून पुन्हा भरली.

आता खरी खिडकी लाल आणि सरावाची हिरवी.

विंडोजमध्ये 'कलर' टाईप करून स्पेस द्या आणि ४एफ लिहा. पहिलं चिन्ह मागच्या रंगाचं, दुसरं अक्षरांचं. ४ म्हणजे लाल, एफ म्हणजे लख्ख पांढरा. हिरव्यासाठी २एफ. दोन्ही चिन्हं सारखी दिली तर रंग बदलतच नाही. नुसतं 'कलर' मारलं की मूळ रंग परत. (काळ्यावर फिकट हिरवा, म्हणजे ०ए, सिनेमातल्यासारखा दिसतो. पोरांना तोच आवडतो. पण आपलं काम वेगळं आहे.)

पण हे खिडकी बंद केली की जातं. म्हणून नोटपॅडमध्ये चार ओळी लिहा. पहिली कलर ४एफ. दुसरी 'सीडी', मग स्लॅश डी आणि खऱ्या फोल्डरचा पत्ता. तिसरी 'प्रॉम्प्ट', पुढे खरा हा शब्द इंग्रजी अक्षरांत, लगेच डॉलर एस, डॉलर पी, डॉलर जी. चौथी नुसती सीएमडी. फाईल बॅट नावाने डेस्कटॉपवर सेव्ह करा. फोल्डरात ठेवलीत तर सफाईत तीही उडेल! सरावासाठी अशीच दुसरी करा.

डॉलर एस म्हणजे मोकळी जागा, डॉलर पी म्हणजे चालू फोल्डरचा पत्ता, डॉलर जी म्हणजे शेवटचा बाण. डॉलर पी काढू नका. रंग खिडकीला लागतो, फोल्डरला नाही. हिरव्या खिडकीतून सीडी करून खऱ्या फोल्डरात गेलात तरी ती हिरवीच राहते, तिथे फक्त पत्ताच खरं सांगतो.