फिरत्या शौचालयाची स्वच्छता आणि दुर्गंधी

नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातले की संत ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा पाडेगावला सातारा जिल्ह्यात येतो. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत तो पुढे सोलापूर जिल्ह्यात जातो. एरवी काही हजार वस्तीच्या गावात एका रात्रीसाठी लाखो माणसे उतरतात. पूर्वी पहाटेच्या अंधारात शेताचा बांध आणि ओढ्याचा काठ हाच सर्वांचा आसरा असे. पालखी पुढे गेली की मागे राहिलेल्या गावाला माश्या आणि हगवण यांना तोंड द्यावे लागे. २०१५ च्या सुमारास ‘निर्मल वारी’चा उपक्रम सुरू झाला आणि मुक्कामाच्या गावी फिरत्या शौचालयांच्या रांगा दिसू लागल्या. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी सांगलीकरांना हे शिकवले, की छावणीत जेवणाइतकीच शौचालयाची सोय लागते. मांढरदेवीसारखी जत्रा असो वा मोठे लग्नकार्य, आता ही ‘मोबाईल टॉयलेट’ सर्वांच्या ओळखीची झाली आहेत.

परंतु सोय झाली म्हणजे ती वापरली जाते असे नाही. ‘आत पाय ठेववत नाही’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. आजच्या लेखात ही दुर्गंधी कशामुळे येते, ती कशी टाळावी आणि त्याचा आपल्या प्रकृतीशी काय संबंध आहे, ते पाहू.

वासाने रोग होतो का?

दीडशे वर्षांपूर्वी डॉक्टरसुद्धा मानत की घाणेरड्या हवेने पटकी होते. ते खरे नव्हते. पटकी, विषमज्वर, आव, हगवण, अ आणि ई प्रकारची कावीळ हे सारे रोग विष्ठेतील जंतू तोंडावाटे पोटात गेल्याने होतात. हे जंतू पाणी, बोटे, माश्या, माती आणि अन्न या पाच वाटांनी येतात. नुसत्या वासाने यातला एकही रोग होत नाही.

मग वासाची काळजी कशाला? कारण वास आला की माणूस शौचालय टाळतो आणि टाळण्यामुळे आजारी पडतो. पुरुष आडोसा शोधतात, म्हणजे विष्ठा पुन्हा उघड्यावर येते. स्त्रियांना आडोसाही मिळत नाही. मग त्या पाणी पिणेच कमी करतात. पालखीच्या दिवसांत साठीच्या पुढच्या एक वारकरी बाई थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. दिवसभरात पाणी किती पिता, असे विचारले. “सकाळी चहा घेते, मग मुक्कामावरच पाणी. मधी त्या संडासात कोण जाणार, डॉक्टर?” असे त्यांचे उत्तर होते. तीन दिवस त्यांनी असेच काढले होते.

पाणी कमी पिणे आणि लघवी तुंबवणे यामुळे मूत्रमार्गात जंतू वाढतात. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांचे दुखणे उफाळते. शौचाची भावना दाबल्याने बद्धकोष्ठ होते आणि मूळव्याध चाळवते. उन्हात चालणाऱ्याच्या अंगातील पाणी कमी झाले की चक्कर येते, पायात गोळे येतात. रक्तदाबाचे काही रुग्ण ‘लघवी जास्त होते’ म्हणून प्रवासात पाण्याची गोळी परस्पर बंद करतात. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि प्रोस्टेटचा त्रास असलेले वृद्ध यांना तर वारंवार जावेच लागते. म्हणून शौचालयातील दुर्गंधी घालवणे हे आरोग्याचेच काम आहे.

वास कोठून येतो?

फिरत्या शौचालयात भांड्याखालीच टाकी असते. घरच्या संडासासारखा शोषखड्डा नसतो आणि पाणीही मोजकेच असते. त्यामुळे वास लवकर येतो. त्याची ठिकाणे तीन.

पहिले ठिकाण म्हणजे फरशी. ताज्या लघवीला फारसा वास नसतो. काही तास ती साचून राहिली की जंतू तिच्यातील युरियापासून अमोनिया तयार करतात. नाकाला झोंबणारा आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास तो हाच. पुष्कळदा टाकीला दोष दिला जातो, पण खरा दोषी फरशीवर, कोपऱ्यात आणि दाराच्या फटीत मुरलेली लघवी असते.

दुसरे ठिकाण टाकी. आत हवा नसल्याने मैला कुजतो आणि हायड्रोजन सल्फाईड नावाचा वायू निघतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पत्र्याची खोली उन्हात तापली की हे कुजणे झपाट्याने वाढते.

तिसरे ठिकाण भांड्यावरचा पिवळट-पांढरा थर. हे लघवीतील आणि जड पाण्यातील क्षार. वर कितीही पाणी ओता, या थरात मुरलेला वास जात नाही. सुवासिक फिनेल हे तिन्ही वास तासभर झाकते, घालवत नाही.

देखभाल करणाऱ्यांसाठी

१. जागा. शौचालय सपाट जमिनीवर, शक्यतो सावलीत ठेवावे. विहीर, बोअर किंवा आड यांपासून निदान पन्नास फूट लांब असावे. स्वयंपाकाची जागा वाऱ्याच्या दिशेला नसावी. मैला उपसणारी गाडी तेथपर्यंत पोहोचली पाहिजे.

२. टाकीत आधी पाणी. रिकाम्या टाकीचा तळ झाकेल इतके पाणी आधी सोडावे. नाही तर पहिला मैला तळाला चिकटतो, वाळतो आणि उपसताना मागे राहतो.

३. हवेची नळी. टाकीतून निघणारी नळी छपराच्या वर निदान दीड-दोन फूट असावी. तिच्या तोंडाला बारीक जाळी हवी, म्हणजे माश्या व डास आत-बाहेर करणार नाहीत. नळी तुंबली की टाकीतला वायू भांड्यातून वर येतो. भांड्याला झडप असल्यास ती नीट मिटते का ते पाहावे. पाण्याचा सापळा असल्यास त्यात पाणी कायम राहिले पाहिजे.

४. फरशी. गर्दीच्या वेळी दर दोन तासांनी फरशी पाण्याने धुऊन पुसून कोरडी करावी. दिवसातून दोनदा साबणाच्या पाण्याने घासावी. घासून झाल्यावर आणि सर्व धुऊन काढल्यावर ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरावे. एक लिटर पाण्यात सपाट तीन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, ताजी पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवावी. कडी, नळ आणि फरशीला लावून दहा मिनिटांनी पाण्याने धुवावे. हे पाणी रोज नवे करावे. शिळ्या पाण्याचा जोर जातो.

५. क्षारांचा थर. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून रात्री भांड्यावर ओतावे, तासाभराने ब्रशने घासावे. आठवड्यातून एकदा हे केले तरी पुरते.

६. कचरा. सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या, वर्तमानपत्राचे बोळे, प्लास्टिक यांनी नळ्या तुंबतात. प्रत्येक शौचालयात झाकणाचा डबा ठेवावा. डबा नसेल तर लोक भांड्यातच टाकणार.

७. उपसा. एका वापराला अडीच लिटर पाणी धरले, तर हजार लिटरची टाकी साडेतीनशे ते चारशे वापरांत भरते. पालखीच्या मुक्कामी हे एका सकाळचे काम आहे. टाकी पाऊण भरली की उपसावी, काठोकाठ भरण्याची वाट पाहू नये. उपसलेला मैला शुद्धीकरण केंद्रातच गेला पाहिजे. तो नीरा उजव्या कालव्यात, ओढ्यात किंवा कृष्णेच्या पात्रात सोडला, तर एका गावाची घाण पुढच्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात जाते.

औषधे टाकताना सावधान

टाकीत टाकण्याची द्रव्ये दोन जातीची असतात. एक जात जंतू मारून कुजणे थांबवते. दुसरी जात मैला पचवणारे जिवाणू पुरवते. रेल्वेच्या डब्याखालील जैवशौचालये, जी संरक्षण संशोधन संस्थेच्या, म्हणजे डीआरडीओच्या तंत्राने बनली, ती दुसऱ्या जातीची. ही दोन्ही एकत्र वापरू नयेत. जिवाणूंच्या टाकीत ब्लीचिंग किंवा फिनेल ओतणे म्हणजे विरजणात उकळते पाणी ओतण्यासारखे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. लिंबूसत्वही आम्लच आहे. म्हणून लिंबूसत्व रात्री वापरावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि ब्लीचिंग दुसऱ्या दिवशी. साचलेल्या लघवीवर ब्लीचिंग टाकले तरी घसा व छाती जाळणारा वायू तयार होतो. आधी पाणी, मग ब्लीचिंग, आणि दार उघडे, हा क्रम पाळावा.

सफाई करणाऱ्या माणसाचा विचार

टाकीत उतरून कोणीही सफाई करू नये. माणसाला संरक्षक साधनांशिवाय अशा टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सडक्या अंड्याचा वास थोडा असतो तेव्हा नाक सावध करते. वायू वाढला की नाकाची जाणीवच बधिर होते आणि ‘आता वास गेला’ असे वाटते. पुढच्या काही क्षणांत माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. असा प्रसंग आलाच तर मागोमाग उतरू नये. तत्काळ अग्निशामक दलाला बोलवावे.

सफाई कामगाराला रबरी हातमोजे, गमबूट, साबण आणि पाणी द्यावे, धनुर्वाताची लस दिलेली असावी. जेवणापूर्वी हात धुण्याची त्याची सोय इतरांपासून वेगळी ठेवण्याचे कारण नाही.

वापरणाऱ्यांसाठी

जाण्यापूर्वी भांडे ओले करावे, मैला चिकटत नाही. नंतर कडेने फिरवून तांब्याभर पाणी ओतावे. पिण्याचा तांब्या आत नेऊ नये. बाहेर येताच साबणाने वीस सेकंद हात धुवावे. लहान मुलाचा मैला निरुपद्रवी असतो ही समजूत चुकीची आहे. त्यातही रोगजंतू असतात, तोही शौचालयातच टाकावा. चालताना थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि दर तीन-चार तासांनी लघवीला जावे. पाण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

थंडी वाजून ताप, लघवीतून रक्त, कमरेत कळ किंवा आठ तासांत लघवी न होणे यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जुलाब सुरू झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट द्यावे. जुलाब भाताच्या पेजेसारखे पांढरे आणि वारंवार होत असतील, तर रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

तासगाव तालुक्याचे सुपुत्र आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावोगाव लोकांनी स्वतः खराटा हाती घेतला. फिरत्या शौचालयांनाही तेच लागते. ग्रामपंचायतीने किंवा मंडळाने शौचालये मागवताना दर दहांमागे एक माणूस, पाण्याचा एक पिंप, साबण आणि उपशाच्या गाडीची वेळ हे चार मुद्दे आधीच कागदावर लिहून घ्यावेत. एवढे झाले, तर वाटेवरच्या आयाबहिणी तहान मारून चालणार नाहीत.