पंगतीच्या मापाचे घर

पाहुण्यांची ऊठबस होणारे घर बांधायचे म्हणजे हॉल मोठा काढायचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कागदावर ती पटतेही. प्रत्यक्षात अशा घराची परीक्षा हॉलच्या चौरस फुटांत होत नाही. तीस माणसे एकाच वेळी चपला काढतात, एकाच वेळी पानावरून उठतात आणि एकाच वेळी निरोप घ्यायला दारात गोळा होतात. घर कसे आहे ते या तीन वेळांना कळते. प्रस्तुत लेखकाने २०१२ साली साताऱ्यात तीन गुंठ्यांवर बंगला बांधला तो माणसे जमवण्याच्या हौसेनेच, आणि वास्तुशांतीच्या दुपारपासून चुका मोजायला सुरुवात झाली. त्यांतल्या काही वास्तुविशारदाच्या होत्या, पण प्रत्येक नकाशावर सही मालकाची होती.

जुन्या घरांत पाहुण्याला टप्प्याटप्प्याने आत घेण्याची सोय असे. कोकणात खळे, पडवी, ओटी, मग माजघर. देशावरच्या वाड्यात देवडी, चौक, ओसरी आणि मग माजघर. निरोप घेऊन आलेला माणूस पडवीत थांबे, ओळखीचा ओटीवर बसे, सोयरा आत जाई. गोव्यातल्या घरांपुढच्या बाल्कांवात दोन्ही बाजूंना दगडी बैठका असतात. तिथे बसून तासभर गप्पा मारून घरात पाऊल न टाकता निघून जाता येते. आजच्या बंगल्यात दार उघडले की समोर सोफा, आणि डावीकडे नजर गेली तर थेट स्वयंपाकघराचा ओटा. त्यामुळे कुरिअरवाला आणि व्याही दोघांनाही घर सारखेच दिसते. दारापुढे निदान सहा बाय आठ फुटांची छप्पर असलेली पडवी नकाशात आधी काढावी आणि मग हॉल, हा क्रम उलटा वाटला तरी सोयीचा ठरतो.

या पडवीचे खरे काम चपलांचे आहे. चपलेच्या एका जोडाला जमिनीवर जवळपास एक चौरस फूट जागा लागते. तीस पाहुण्यांना तीस चौरस फूट. लेखकाच्या घरात दाराच्या आत बारा जोडांचे देखणे कपाट होते. गौरीजेवणाच्या दिवशी ते पहिल्या दोन कुटुंबांतच भरले, बाकीच्या चपला पायऱ्यांवर पसरल्या आणि दार पुरते उघडेना. भाद्रपदात पाऊस असतोच, म्हणून ओल्या छत्र्या टेकवायला बाहेर पाणी निथळेल असा कोपरा लागतो. वाकून बंद सोडता न येणाऱ्यांसाठी दीड फूट उंचीचा कट्टाही लागतो. कट्ट्याखाली कोनाडे ठेवले की निम्म्या चपला तिथेच जातात.

हॉलचे माप ठरवताना सोफ्याऐवजी पंगत डोळ्यांपुढे धरावी. मांडी घालून बसलेल्या माणसाला रुंदीत सव्वादोन फूट लागतात. खोलीत बसायला दोन फूट आणि पानाला दीड फूट, म्हणजे एका रांगेला साडेतीन फूट. समोरासमोरच्या दोन रांगा आणि मधून वाढप्याला तीन फूट धरले की दहा फूट होतात. भिंतीला पाठ घासू नये म्हणून आणखी एक. म्हणजे अकरा फूट रुंद आणि अठरा फूट लांब मोकळ्या जागेत सोळा माणसे सुखाने जेवतात. खुर्च्या-टेबलांना याहून जास्त जागा लागते, कारण खुर्ची मागे सरकवून उठणाऱ्या माणसाच्या पाठीमागूनही कुणाला तरी जायचे असते.

लेखकाचा हॉल चौदा बाय बावीस फुटांचा, म्हणजे हिशेबाने ऐसपैस. पण त्याच्या मधोमध दहा बाय दहाचा भाग एक पायरी खाली घेतला होता. मासिकांतल्या छायाचित्रांत अशी खोलगट बैठक फार सुंदर दिसते. सहा इंचांचा तो खड्डा पंगतीच्या बरोबर मध्ये आला. सहा पाने खाली, पाच वर, उरलेली जिन्याजवळ. वाढपी दर खेपेला पायरी चढतो-उतरतो. त्यात फरशी वर-खाली एकाच रंगाची, त्यामुळे कडा नजरेत येत नसे. पहिल्याच वर्षी सत्तरीच्या मावशी हातात प्रसादाची वाटी घेऊन तिथे पडल्या आणि मनगटाला प्लास्टर लागले. २०१५ मध्ये खड्डा भरून घेतला. मूळ फरशी तोवर बाजारातून गेली होती, म्हणून तो चौकोन आजही वेगळ्या रंगाचा आहे. पाहुण्यांच्या वावराच्या जागेत एकच सुटी पायरी कुठेही ठेवू नये. पातळी बदलणे अटळच असेल, तर दोन-तीन पायऱ्या एकत्र घ्याव्यात, त्यांचा रंग वेगळा ठेवावा आणि हाताला कठडा द्यावा.

नकाशात सर्वांत दुर्लक्षित राहते ती हात धुण्याची जागा. पंगत एकदम उठते. सोळा जण उष्टे हात कोपरापासून वर धरून एका बेसिनपुढे उभे राहतात, प्रत्येकाला हात धुऊन चूळ भरायला अर्धा-पाऊण मिनिट लागते, आणि शेवटच्या माणसाच्या बोटांवर श्रीखंड वाळलेले असते. पूर्वी अंगणात घंगाळ आणि तांब्या ठेवत. एका तांब्यावर तिघे हात धुऊन मोकळे होत. चार माणसांच्या कुटुंबाला एक बेसिन पुरते म्हणून नकाशात एकच दाखवले जाते, आणि तेही बहुधा न्हाणीघराच्या आत. पाहुण्यांच्या घरात बेसिन न्हाणीबाहेर हवे आणि जेवणाच्या जागेपासून दहा-बारा पावलांत हवे. त्याशिवाय मागच्या किंवा बाजूच्या पडवीत भिंतीलगत चार-पाच फूट लांबीची उथळ मोरी बांधून तिच्यावर तीन नळ काढले, तर सोळा माणसे तीन-चार मिनिटांत मोकळी होतात. हा खर्च एका झुंबराहून कमी आहे. मुले इथेच पाण्याशी खेळत बसतात, म्हणून फरशी खरबरीत ठेवावी.

स्वयंपाकघर उघडे असावे की बंद, यावर मराठी घरांत भांडणे होतात आणि दोन्ही पक्षांचे काहीसे खरे असते. मिरचीच्या फोडणीचा ठसका व्याह्यांपर्यंत पोचू नये हे रास्त. पण बंद स्वयंपाकघरात घरची बाई चार तास एकटी राबते आणि बाहेरचा हशा तिला नुसता ऐकू येतो, हे आतिथ्य म्हणायला जड जाते. सरकते काचेचे दार हा मधला मार्ग बरा: फोडणीपुरते लावावे, एरवी उघडे. याहून मोठी बाब वाटेची. लेखकाच्या घरी स्वयंपाकघरापासून हॉलपर्यंत तीन फुटांचा बोळ आहे. वरणाचे पातेले घेऊन निघालेला आणि रिकामी परात घेऊन परतणारा दोघे त्यात समोरासमोर आले की एकाला मागे जावे लागते. वाढप्यांची वाट किमान चार फूट हवी. शक्य असल्यास जायला एक दार आणि यायला दुसरे.

मोठ्या भांड्यांचा विचारही वेगळा करावा लागतो. ओट्यातल्या सिंकमध्ये कुकर मावतो, तीस माणसांच्या भाताचे पातेले मावत नाही. मागच्या पडवीत छपराखाली जमिनीलगत मोरी, एक नळ, विजेचा एक बिंदू आणि मोठी शेगडी ठेवण्याइतका कट्टा केला की आचारी तिथेच काम करतो. घरातला ओटा चहा-कॉफीला मोकळा राहतो. सतरंज्या, पाट, जादा ताटे-वाट्या यांना माळा लागतोच, पण तो जिन्यावरून हात पोचेल असा असावा. शिडी लावून काढायचे सामान वर्षातून एकदाही निघत नाही.

माणसे जमली की दोन गोष्टी न सांगता वाढतात, आवाज आणि उकाडा. गुळगुळीत फरशी, सिमेंटचा स्लॅब, काचेच्या मोठ्या खिडक्या यांवर आवाज आदळून परत येतो; शेजाऱ्याचे ऐकू येईना म्हणून प्रत्येक जण थोडे मोठ्याने बोलतो आणि दहा मिनिटांत हॉलचा बाजार होतो. कानाला यंत्र लावणारे आजोबा अशा वेळी मुकाट्याने गॅलरीत जाऊन बसतात. लेखकाच्या घरी गॅलरीतली त्यांची खुर्ची ठरलेलीच होती. यावरचा उपाय मऊ वस्तूंचा आहे. हार्वर्डच्या वॉलेस सबीन यांनी १८९५ च्या सुमारास एका व्याख्यानगृहातला घुमारा मोजण्यासाठी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या आणि जितक्या गाद्या वाढतील तितका आवाज लवकर विरतो हे आकड्यांत दाखवले. आपली गादी-लोडाची बैठक तेच काम करते. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेली एक भिंत, एवढ्याने फरक पडतो. घर ताब्यात घेण्याआधी रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून पाहावी. आवाज रेंगाळत राहिला तर पडद्यांचे पैसे आधीच बाजूला काढावेत.

उकाड्याचा हिशेब सोपा आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. तीस माणसे म्हणजे तीन किलोवॅट. खोलीत एक किलोवॅटचे तीन हीटर चालू ठेवल्यासारखे. पंखे ती हवा नुसती फिरवतात. समोरासमोरच्या खिडक्या आणि छताजवळ झरोके असतील तर तापलेली हवा वर जाऊन बाहेर पडते. वातानुकूलनाचा विचार मग करावा, कारण सणाच्या दिवशी दार मिटलेले राहत नाही.

संडासाचे दार हॉलमध्ये किंवा जेवणाच्या जागेत उघडू नये, एवढे सगळेच सांगतात. तरी आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून मध्ये चार फुटांची मोकळी जागा सोडायची हे नकाशात राहून जाते. पाहुण्यांचा संडास तळमजल्यावर, कमोडचा, भिंतीला धरायची दांडी असलेला आणि अडीच फुटांहून रुंद दाराचा असावा. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस घरी येणार नाही असे गृहीत धरता येत नाही. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे चौघांना ५४० लिटर, आणि त्या हिशेबाने हजार लिटरची टाकी भरपूर वाटते. तीस पाहुण्यांच्या दिवशी भांडी, हात-पाय आणि संडास मिळून ती दुपारी दोनला तळ गाठते, नळाला पाणी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी येते. टाकी दुप्पट घ्यावी आणि जमिनीखालच्या टाकीवरचा पंप आपोआप चालू होणारा असावा.

मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी वेगळी खोली परवडली नाही तरी चालते. त्यांना लागतो तो पिशवी ठेवायला कोपरा, मोबाइलसाठी उशाजवळ विजेचा बिंदू, आणि रात्री हॉल ओलांडून न जाता संडास.

राहिला निरोप. ‘निघतो’ म्हटल्यापासून माणूस खरोखर निघेपर्यंत मराठी घरात अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास दारात, पायरीवर आणि फाटकाशी उभ्याने खर्ची पडतो. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी दाराशी दोघीच मावत असतील तर उरलेल्या दहाजणी अंधारात उभ्या राहतात. लेखकाने पाच वर्षांनी फाटकाजवळच्या कुंपणाच्या भिंतीला आतून कट्टा बांधून घेतला आणि वर एक दिवा लावला. खड्डा भरण्यापेक्षा हे काम स्वस्तात झाले, आणि हॉलमधल्या सोफ्याहून आता तिथेच माणसे जास्त वेळ बसतात.