बाँबफेकी विमानाचा रंगवेश : पुरावा आणि अनुमान

विमान चालविण्याचा अनुभव संगणकाच्या पडद्यावर घडविणाऱ्या खेळांना ‘फ्लाइट सिम्युलेटर’ असे म्हणतात. त्यांपैकी काही खेळांचा विषय दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढाया हा आहे. २००१ साली रशियात तयार झालेला ‘आयएल-२ स्टर्मोव्हिक’ हा खेळ व त्यातून पुढे वाढलेली मालिका ही या प्रकाराची प्रसिद्ध उदाहरणे होत. अशा खेळांत विमानाच्या आकृतीवर जे रंगीत चित्र चढविलेले असते, त्याला ‘स्किन’ ही संज्ञा रूढ झाली आहे. मराठीत त्याला विमानाचा रंगवेश म्हणता येईल. खेळासोबत आलेल्या रंगवेशावर समाधान न मानता, इतिहासात खरोखर होऊन गेलेल्या एखाद्या विमानाचा रंगवेश स्वतः तयार करणारे हौशी अभ्यासक जगभर आहेत. त्यांच्या कामाचे स्वरूप काय असते आणि त्यात इतिहासाच्या अभ्यासकाची कसोटी कोठे लागते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम तांत्रिक बाजू समजावून घेऊ. संगणकातील विमान हे अनेक लहान सपाट पृष्ठे जोडून बनविलेले असते. शिंपी ज्याप्रमाणे सदऱ्याचे भाग सपाट कापडावर बेततो, त्याप्रमाणे विमानाचा धड, पंख, शेपटी व इंजिनांची आवरणे हे भाग एका चौरस चित्रावर उलगडून मांडलेले असतात. या चित्रावर जे रंगवावे ते विमानावर योग्य जागी जाऊन बसते. ‘आयएल-२’च्या मूळ मालिकेत हे चित्र लांबीला १०२४ आणि रुंदीला १०२४ बिंदूंचे असे व त्यात २५६ रंगच वापरता येत. चित्र तयार करताना ते एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांत करतात. तळाशी मूळ रंग, त्यावर पत्र्यांचे सांधे, त्यावर राष्ट्रचिन्हे व क्रमांक आणि सर्वांत वर झीज, तेल व काजळी यांचे डाग असा हा क्रम असतो. थर वेगळे ठेवल्यामुळे एखादी चूक आढळली तर तेवढाच थर दुरुस्त करता येतो.

येथे प्रमाणाचे भान ठेवावे लागते. अमेरिकेच्या बी-२४ ‘लिबरेटर’ या चार इंजिनांच्या बाँबफेकी विमानाचे उदाहरण घेऊ. त्याची लांबी सुमारे ६७ फूट, म्हणजे साडेवीस मीटर होती. ती चित्राच्या पूर्ण रुंदीवर पसरली असे मानले, तरी एक बिंदू प्रत्यक्षातील दोन सेंटिमीटरांएवढा होतो. पत्र्यावरील रिव्हेटचे डोके एक सेंटिमीटरापेक्षाही लहान असते. म्हणजे एकेक रिव्हेट ठळक बिंदूने दाखविला, तर तो रुपयाच्या नाण्याएवढा दिसू लागेल आणि विमान लोखंडी पुलासारखे भासेल. नवशिक्या माणसाच्या हातून हीच चूक सर्वांत जास्त होते. अनुभवी माणूस रिव्हेटची ओळ मूळ रंगाहून किंचित गडद अशा अंधुक रेषेने सुचवितो.

यानंतर खरा प्रश्न उभा राहतो, तो पुराव्याचा. ‘लिबरेटरचा रंग कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. या जातीची अठरा हजारांहून अधिक विमाने बांधली गेली आणि ती अनेक देशांच्या दलांत होती. म्हणून अभ्यासकाने एक विमान आणि एक काळ निवडला पाहिजे. काळ ठरविण्यास राष्ट्रचिन्हांची मोठी मदत होते. अमेरिकी विमानांवरील पांढऱ्या ताऱ्याच्या मध्यभागी असलेला तांबडा गोल १९४२ च्या मे महिन्यात काढून टाकण्यात आला, कारण घाईच्या क्षणी तो जपानच्या तांबड्या सूर्यबिंबासारखा दिसण्याचा धोका होता. १९४३ च्या जूनमध्ये ताऱ्याच्या दोन्ही बाजूंस पांढऱ्या पट्ट्या व सभोवती तांबडी कड आली. त्याच वर्षी काही महिन्यांत ती कड निळी झाली. तांबड्या रंगाच्या याच भीतीमुळे आग्नेय आशियातील ब्रिटिश विमानांच्या वर्तुळातूनही तांबडा रंग वगळण्यात आला. मूळ रंगाचेही तसेच आहे. १९४४ च्या आरंभापासून अमेरिकी कारखान्यांतून लिबरेटर विमाने रंग न देता, उघड्या पत्र्यानिशी बाहेर पडू लागली. त्यापूर्वीची विमाने वरून मळकट हिरवी व खालून करडी असत.

त्या काळची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत आणि ती फसवू शकतात. एका जातीच्या फिल्मवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम होत नसे. अशा फिल्मवर तांबडा व पिवळा हे रंग काळपट उमटतात, तर निळा फिकट दिसतो. केवळ छटा पाहून रंग ठरविणाऱ्याने पिवळ्या पट्टीला काळी ठरविले, तर त्यात नवल नाही. छायाचित्रातील क्रमांक मात्र सहसा फसवीत नाही. अमेरिकी विमानाच्या शेपटीवर त्याच्या अनुक्रमांकातील वर्षाचा पहिला अंक गाळून उरलेले अंक लिहीत. ४२-५२५३४ या क्रमांकाचे विमान शेपटीवर २५२५३४ असे दिसे. एवढा क्रमांक वाचता आला, की ते विमान कोणत्या कारखान्यात बनले व कोणत्या तुकडीत गेले याचा माग काढता येतो.

हा क्रमांक ‘विचक्राफ्ट’ नावाच्या लिबरेटरचा होता. इंग्लंडमधील रॅकहीथ येथून उडणाऱ्या अमेरिकेच्या ४६७ व्या बाँबफेकी गटातील या विमानाने १३० मोहिमा केल्या. त्याचा रंगवेश करू इच्छिणाऱ्याच्या हाती आज सहज लागतात, ती ‘विचक्राफ्ट’ हे नाव धारण करणाऱ्या विमानाची अलीकडची सुंदर रंगीत छायाचित्रे. परंतु त्या छायाचित्रांतील विमान मूळ ‘विचक्राफ्ट’ नव्हे. त्याची कथा भारताशी निगडित आहे.

१९४४ साली टेक्ससमधील फोर्ट वर्थच्या कारखान्यात तयार झालेले हे विमान ब्रिटिश हवाई दलाकडे गेले. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपली लिबरेटर विमाने कानपूरजवळ मोडीत काढून सोडून दिली. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कंपनीच्या तंत्रज्ञांनी त्यांतील सुमारे चाळीस विमाने दुरुस्त केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगलोरला उडवीत नेली. १९४८ पासून भारतीय हवाई दलाने ही विमाने वापरली आणि १९६८ पर्यंत ती सेवेत होती. आपले हे विमान भारतात एचई-७७१ या क्रमांकाने ओळखले जाई. पुढे ते अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतले व १९८९ मध्ये ते पुन्हा उडू लागले. तेव्हा त्याला ‘ऑल अमेरिकन’ हे नाव व त्या विमानाचा रंग देण्यात आला. १९९८ मध्ये ते ‘द ड्रॅगन अँड हिज टेल’ झाले आणि २००५ मध्ये ‘विचक्राफ्ट’.

ही तिन्ही नावे वेगवेगळ्या आघाड्यांवर लढलेल्या वेगवेगळ्या विमानांची होती. त्या विमानांच्या व त्यांतील माणसांच्या स्मरणार्थ ती या एकाच विमानाने धारण केली, आणि तसे उघडपणे सांगितलेही गेले. त्यामुळे त्यात असत्य काही नाही. परंतु रंगवेश करणाऱ्याने ही छायाचित्रे १९४४ चा पुरावा म्हणून वापरली, तर तो फसेल. मूळ ‘विचक्राफ्ट’ लिबरेटरच्या ‘एच’ या उपप्रकाराचे होते, तर हे ‘जे’ उपप्रकाराचे आहे. शिवाय नव्या विमानावरील रंगाची छटा आणि अक्षरांचे वळण हे पुनर्रचना करणाऱ्यांनी आपल्या अभ्यासाने ठरविलेले असते. तो त्यांचा निष्कर्ष होय. युद्धकाळातील छायाचित्राची जागा तो घेऊ शकत नाही.

उलट दिशेनेही विचार करून पाहावा. याच विमानाचा भारतीय रंगवेश कोणी करावयास घेतला, तर त्याला १९५० हे वर्ष ध्यानी ठेवावे लागेल. त्या वर्षाच्या प्रजासत्ताक दिनापासून हिरवे, पांढरे व मध्यभागी केशरी असे आजचे वर्तुळचिन्ह आले. १९४९ च्या विमानावर ते काढणे चूक ठरेल.

झीज दाखवितानाही हाच विवेक हवा. लिबरेटरचे टर्बो-सुपरचार्जर इंजिनांच्या आवरणाखाली असत, म्हणून धुराची काजळी पंखाच्या खालच्या बाजूस मागे पसरे. ती वरच्या बाजूस फासली, तर चित्र देखणे दिसेल, पण खोटे ठरेल. नाकाजवळ रंगविलेल्या लहान लहान बाँबच्या आकृत्यांकडे तर विशेष लक्ष द्यावे. त्यांतील प्रत्येक आकृती म्हणजे सुमारे दहा माणसे एका मोहिमेवर जाऊन आल्याची नोंद असे. केवळ रिकामी जागा भरण्यासाठी त्यांची संख्या वाढविणे म्हणजे त्या माणसांच्या नावावर न घडलेल्या मोहिमा लिहिणे होय.

प्रत्येक तपशिलाला पुरावा मिळेल असे नाही. बहुधा विमानाच्या एका बाजूचेच छायाचित्र उपलब्ध असते आणि दुसरी बाजू अनुमानाने भरावी लागते. असे करण्यात दोष नाही. मात्र चित्रासोबत एक छोटे टिपण जोडावे आणि त्यात विमानाचा क्रमांक, तुकडी, काळ, पाहिलेली छायाचित्रे व अनुमानाने भरलेला भाग स्पष्ट लिहावा. पुढे कोणास नवे छायाचित्र मिळाले, तर त्याला नेमका तेवढाच भाग सुधारता येईल. खेळणाऱ्याच्या दृष्टीने हे विमान काही मिनिटांपुरते असेल. पण ज्याने ते रंगविले, त्याने एका विमानाविषयी एक विधान केलेले असते, आणि त्या विधानाची जबाबदारी त्याचीच असते.