दुसऱ्या लग्नानंतर ख्रिस्तप्रसाद

प्रश्न : मी वसईची कॅथलिक. पहिल्या नवऱ्यानं व्यसन लपवून लग्न केलं होतं. कोर्टातून घटस्फोट घेतला, मग नोंदणी पद्धतीनं दुसरं लग्न केलं. दर रविवारी मिस्सेला जाते, पण ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. शिक्षा मलाच का? आणि चर्चकडे पहिला विवाह रद्द ठरवायला अर्ज केला, तर माझी मुलगी अनौरस ठरेल का?

उत्तर : ताई, आधी मुलीचं. ती अनौरस ठरत नाही. चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायदा संहितेतलं कलम ११३७ हे स्पष्ट सांगतं. या एका भीतीपायी कितीतरी स्त्रिया अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमचा राग रास्त आहे. घटस्फोटामुळे ख्रिस्तप्रसाद बंद होत नाही. अडचण दुसऱ्या लग्नाची आहे, कारण चर्चच्या लेखी पहिला विवाह अजून टिकून आहे. पण संमती मिळवण्यासाठी संसार उद्ध्वस्त करू शकेल अशी गोष्ट मुद्दाम लपवली असेल, तर कलम १०९८ नुसार तो विवाह मुळातच अवैध ठरू शकतो. व्यसन लग्नाआधीचं होतं, हे सांगणारे नातलग, शेजारी, उपचारांचे कागद आताच जमवा.

धर्मप्रांताच्या विवाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करा. पूर्वी दोन अनुकूल निर्णय लागत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ती अट काढली. खर्चाची अडचण असेल तर तसं मोकळेपणानं सांगा. तोवर मिस्सा सोडू नका, मुलीलाही न्या.